वाऱ्याला विचारून

आमच्या वालूरला पाण्याकडे जायचं म्हणजे खाली उतरायचं. सेलू तालुक्यातल्या या गावच्या बारवेच्या पायऱ्या सरळ खाली जात नाहीत. भिंतीला धरून त्या गोल फिरत फिरत तळाशी पोचतात. कैक वर्षं ती बारव गाळानं आणि झाडोऱ्यानं बुजली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली आणि आता लांबलांबून लोक ती बघायला येतात. मी पोहायला शिकलो ते मात्र शेतातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. दोन हात मारले की समोरची कड हाताला लागायची. असल्या पाण्याला वारा शिवत नाही. त्यामुळे टोरांटोच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, "काका, या उन्हाळ्यात तुम्ही आलात की आपण कनूनं मोठं तळं ओलांडू आणि पलीकडे तंबूत राहू," तेव्हा मी विचारलं, "पाणी किती खोल?"

"खोलीचं सोडा काका. समोरचा काठ किती लांब आहे ते विचारा."

त्या एका उत्तरावर पुढचे कित्येक महिने आमचं बोलणं चाललं. कनू म्हणजे निमुळती, हलकी होडी. तिची सहल वल्ही मारून होते हे खरं, पण ती पार पडते की नाही हे घरी, नकाशा पुढ्यात घेऊन ठरतं. म्हणून आखणीबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे. आपल्याकडेही आता कोयनेच्या, भंडारदऱ्याच्या, पवनेच्या काठावर तरुण मुलं तंबू घेऊन जातात आणि कोणी ना कोणी होडी पाण्यात लोटतंच.

पुतण्यानं निवडलेलं तळं म्हणजे ओपिओंगो. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात अल्गोंक्विन नावाचं राखीव उद्यान आहे. ते 1893 साली स्थापन झालं. त्याचं क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आख्ख्या परभणी जिल्ह्याहून मोठं. त्यात दोन हजारांहून जास्त तळी आहेत आणि त्या सगळ्यांत ओपिओंगो मोठं, सुमारे 58 चौरस किलोमीटरचं. आकडा ऐकून मला आधी ते अफाट वाटलं. मग आपला नाथसागर आठवला. जायकवाडीचा जलाशय भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात जातो, म्हणजे ओपिओंगोच्या सहापट. मोठं पाणी परदेशातच असतं असं नाही. मात्र नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे मुक्कामाच्या जागा आखलेल्या नाहीत, काठ उथळ आणि चिखलाचे, पाणी ओसरलं की काठ कुठल्या कुठे सरकतो, आणि मासेमारांची जाळी सगळीकडे पसरलेली. पूर्णेवरचं येलदरी किंवा आमच्या तालुक्यातलं निम्न दुधना, ही धरणं सिंचनासाठी बांधली, सहलीसाठी नाहीत. अल्गोंक्विनमध्ये उलट आहे. तिथे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायच्या वाटा, तंबूच्या जागा, चुलीचे दगड, सगळं याच प्रवासासाठी राखलेलं आहे.

या वाटा उद्यानाच्या कितीतरी आधीच्या. ज्यांच्यावरून उद्यानाला नाव मिळालं ते अल्गोंक्विन लोक भूर्जाच्या सालीची हलकी होडी बनवत. ती खांद्यावर घेऊन एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाता येई. आजची कनू केव्हलार या हलक्या कृत्रिम धाग्याची असते, सोळा-सतरा फूट लांब आणि वजनाला वीस किलोच्या आतबाहेर. घडण मात्र तीच: दोन्ही टोकं निमुळती, वरून उघडी, आणि मधोमध आडवा दांडा, जो चालताना खांद्यांवर बसतो.

आरक्षण प्रवासाच्या पाच महिने आधी खुलं होतं. आम्हाला ऑगस्ट हवा होता, म्हणून मार्चमध्ये, तिकडे अजून सगळीकडे बर्फ असताना, पुतण्या सकाळी सातच्या आधीच संगणकापुढे बसला. ऑगस्टच का, याला कारण आहे. ओपिओंगोवरचा बर्फ एप्रिल सरता सरता किंवा मे लागता लागता वितळतो. त्यानंतर कितीतरी आठवडे पाणी जीवघेणं गार असतं. मे-जूनमध्ये काळ्या चावऱ्या माश्यांचे थवे, जून-जुलैत डासांचे. ऑगस्टपर्यंत दोन्ही ओसरतात आणि वरचं पाणी पोहण्याजोगं होतं. सप्टेंबरचा पहिला पंधरवडाही चांगला, फक्त रात्री गारठा वाढलेला असतो. तिथे आरक्षण तळ्याचं मिळतं, ठरावीक जागेचं नाही. त्या तळ्याच्या काठी जितक्या जागा तितक्यांनाच परवाने. झाडावर लावलेल्या नारिंगी पाट्या बघत जायचं आणि जी मोकळी दिसेल तिथे उतरायचं. एका जागेवर जास्तीत जास्त नऊ माणसं. दुपारी उशिरा पोचलं तर जवळच्या जागा भरलेल्या असतात आणि थकल्या हातांनी आणखी पुढे जावं लागतं. लवकर निघायला हेही एक कारण.

पण खरं कारण वारा. एप्रिलमध्ये पुतण्यानं नकाशाची प्रत पाठवली आणि फोनवर मला वाचायला शिकवली. ओपिओंगोचा आकार सलग गोल नाही. दक्षिणेचा, पूर्वेचा आणि उत्तरेचा असे त्याचे मोठे फाटे आहेत आणि ते चिंचोळ्या पाण्यानं एकमेकांना जोडलेले. धक्का दक्षिण टोकाला एका आखातात. तिथून उत्तर फाट्याच्या शेवटापर्यंत चौदा-पंधरा किलोमीटर. कागदावर हे एका दिवसाचंही काम नाही. सामान भरलेली कनू शांत पाण्यावर तासाला चार किलोमीटर सहज जाते. पण वारा तोंडावर आला की तीच कनू दोनवर येते, आणि जोराचा आला की जागची हलत नाही.

मोठ्या पाण्यावर लाट कशी उठते ते नीट समजून घेण्यासारखं आहे. वारा किती जोराचा यावर लाट अवलंबून असतेच, पण तो किती लांबून उघड्या पाण्यावरून येतो यावरही तितकीच असते. विहिरीत वादळ आलं तरी तरंग उठेल. तोच वारा पाच किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून आला की कमरेएवढी लाट समोर येऊ शकते. म्हणून नकाशावर आधी वाऱ्याची दिशा काढायची. तिथे बहुधा पश्चिमेचा किंवा वायव्येचा वारा असतो. मग बघायचं की कुठला काठ आडोशाचा आहे आणि कुठल्या काठावर लाटा येऊन आपटतील. बेटं आणि पुढे आलेली भूशिरं हे थांबे. एका आडोशापासून दुसऱ्या आडोशापर्यंत जाता येतं का, मधलं उघडं पाणी किती, हे मोजायचं. सरळ रेषेत जवळ पडणारी वाट बहुतेक वेळा सोडून द्यावी लागते आणि काठाकाठानं, लांबून जावं लागतं.

दुसरी गोष्ट वेळेची. रात्रभर जमीन निवते, पहाटे वारा पडलेला असतो आणि पाणी निवांत असतं. ऊन वर आलं की जमीन तापते, हवा हलू लागते, आणि अकरा-बाराच्या सुमाराला वारा उठतो. दुपारभर तो चढता असतो आणि पाच-सहानंतर पुष्कळदा उतरतो. म्हणून मोठं पाणी ओलांडायचं ते पहाटे. अंधार असतानाच चहा, उजाडताच पाण्यावर, दहाच्या आत पलीकडे.

आणि तिसरी, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: आखणीत एक दिवस रिकामा ठेवायचा. पाच दिवसांची सुट्टी असेल तर चार दिवसांचीच वाट आखायची. कारण वारा दिवसभर पडलाच नाही तर काठावर बसून राहावं लागतं. सोमवारी कामावर हजर व्हायचं आहे, परवाना संपला आहे, विमान चुकेल, असल्या कारणांनी माणूस ज्या पाण्यात उतरू नये त्यात उतरतो. रिकामा दिवस हाताशी असला की हे दडपणच राहत नाही. पुतण्यानं माझं परतीचं तिकीटसुद्धा सहल संपल्यानंतर चांगला आठवडा सोडून काढायला लावलं, आणि त्याबद्दल मी त्याच्याशी एक शब्दही वाद घातला नाही.

का नाही घातला, ते सांगतो. त्यानं मला टिमिस्कमिंग तळ्यावरची हकिकत सांगितली होती. ओंटारिओ आणि क्युबेकच्या सीमेवर हे लांबलचक तळं आहे. 11 जून 1978 रोजी एका शाळेची 27 मुलं आणि 4 मोठी माणसं 22 फुटी चार कनूंमधून तिथून निघाली. बेत तीन आठवड्यांचा, थेट जेम्स उपसागरापर्यंतचा. आदल्या रात्री गाडीनं प्रवास झालेला, झोप अपुरी. पहिल्याच दिवशी वाऱ्यात एक कनू उलटली. मदतीला वळलेल्या कनूही उलटल्या. बारा मुलं आणि एक शिक्षक गेले. अंगात लाइफ जॅकेट होती. ही माणसं बुडाली नाहीत, पाण्याच्या गारठ्यानं गेली. हे ऐकेपर्यंत मला वाटायचं, पोहता येतं ना, मग झालं. आमच्या विहिरीचं पाणी पौषातही उबदार लागतं. तळ्याचं गार पाणी कसं असतं याची मला कल्पनाच नव्हती.

गार पाण्याबद्दल तिकडे एक-दहा-एक असा हिशेब शिकवतात. मॅनिटोबा विद्यापीठातले डॉ. गॉर्डन गिझब्रेख्ट यांच्या संशोधनातून तो रूढ झाला. बर्फाळ पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट धाप आवरायची. तेव्हा घाबरून पाणी नाकातोंडात गेलं तर तिथेच संपतं. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, तेवढ्यात स्वतःला बाहेर काढायची धडपड करायची. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो, म्हणजे तेवढा वेळ आशा असते, पण अंगात लाइफ जॅकेट असेल तरच, कारण हात तोवर पोहण्याच्या कामाचे उरलेले नसतात. तेव्हा जॅकेट बुडाखाली किंवा सामानात ठेवून उपयोग नाही. ते अंगात आणि बंद लावलेलं हवं, पाणी काचेसारखं असतानाही.

आणि हे तिकडचंच दुखणं नाही. 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात माणसं होती. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले, सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. पाणी तिथे गार नव्हतं. वारा होता, वळवाचे दिवस होते, वेळ संध्याकाळची होती. मे महिन्यात दुपारनंतर आपल्याकडे आभाळ कसं एकाएकी फिरतं हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. रानातला माणूस ढग बघून वैरण झाकतो. तीच नजर पाण्याकडे बघताना ठेवायला हवी, आणि काठाकाठाच्या प्रत्येक गावात, प्रत्येक बोटीत माणशी एक जॅकेट हवं. हे लिहिताना मला सहल बाजूला ठेवावीशी वाटते, इतकं ते जास्त महत्त्वाचं आहे.

सामानाकडे वळतो. कॅनडात कायद्यानंच कनूमध्ये माणशी एक लाइफ जॅकेट, 15 मीटरची तरंगती दोरी, पाणी उपसायला भांडं आणि शिट्टी लागते. अंधारात पाण्यावर असाल तर दिवाही. आम्ही पाच जण होतो: पुतण्या, सूनबाई, नात, पुतण्याचा एक मित्र आणि मी. कनू दोन. एक जादा वल्हं प्रत्येकीत बांधून ठेवलेलं. जड सामान तळाशी आणि मधोमध, म्हणजे कनू डुलत नाही. झोपायच्या पिशव्या आणि कोरडे कपडे वॉटरप्रूफ पिशव्यांत, तोंड तीन वेढे गुंडाळून बंद. बाकी सगळं भिजलं तरी चालेल, पण रात्री अंगावर घ्यायला कोरडं हवंच. फोनला तिथे रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र बरोबर घेतलं. आणि टोरांटोतल्या एका मराठी स्नेह्यांकडे एक कागद ठेवला: कुठल्या रात्री कुठल्या तळ्यावर, कनूंचा रंग कोणता, आणि कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर उद्यानाच्या कचेरीला फोन करायचा. फुकटात होणारी ही गोष्ट आहे, आणि आपल्याकडे गडावर जाणारी मुलंसुद्धा ती करत नाहीत.

जेवणाची आखणी माझ्याकडे आली आणि मी ती आनंदानं घेतली. उद्यानाच्या आतल्या भागात वापरून टाकायचे डबे आणि बाटल्या न्यायला बंदी आहे, सगळं पुडक्यांत. माणशी दिवसाला सहा-सातशे ग्रॅम कोरडा शिधा धरायचा, कारण दिवसभर वल्हवलं की भूक भलतीच लागते. दुकानात मिळणाऱ्या सुकवलेल्या जेवणाची पाकिटं महाग आणि आम्हा सगळ्यांनाच बेचव. मी वालूरहून येसर करून नेलं होतं. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ उकळत्या पाण्यात कालवलं, मीठ टाकलं की आमटी तयार. दोन महिने सहज टिकतं, वजन काहीच नाही. ज्वारीच्या पिठात बेसन, तीळ, ओवा, तिखट घालून धपाट्यांचं पीठ पुडीत बांधलं. तिथे फक्त पाणी घालून मळायचं आणि तव्यावर थापायचं. जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी. मुगाची डाळ आणि तांदूळ मोजून एकेका वेळच्या पिशवीत, हळद-जिरं त्यातच. सकाळी भाजलेल्या रव्याचा सांजा. पहिल्या दिवसासाठी दशम्या. दोन दिवस त्या मऊ राहतात, आणि पाण्यावर बसल्या बसल्या एका हातानं खाता येतात, जे वाऱ्यात फार सोयीचं पडतं. एका दिवसाचा शिधा जास्तीचा घेतला, त्या रिकाम्या दिवसासाठी.

पहाटे निघायचं म्हणून आदल्या दिवशी धक्क्यापासून जवळच्या, गाडीनं पोचता येतं अशा तंबूतळावर मुक्काम केला. टोरांटोहून तिथवर गाडीनं साडेतीन-चार तास. उजाडता उजाडता कनू पाण्यात लोटल्या. मी पुढे, पुतण्या मागे. पुढच्यानं ताकद द्यायची, मागच्यानं दिशा. सगळ्यांनी गुडघे टेकून बसायचं, उभं राहायचं नाही, आणि वल्हं खांद्यानं न ओढता पाठीनं ओढायचं. पाण्यावर धुकं होतं. दक्षिणेचा फाटा आम्ही पश्चिम काठ धरून चढलो. मधूनमधून लून पक्षी वर येत आणि बुडी मारून कुठल्या कुठे निघत. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर 1987 पासून हाच पक्षी आहे. त्याची हाक लांब, चढती असते आणि पाण्यावरून कितीतरी अंतर येते. चिंचोळ्या पाण्यापाशी बेटाआड थांबून दशम्या खाल्ल्या. उत्तर फाट्यात शिरलो तेव्हा पश्चिमेकडून पाण्यावर काळपट पट्टे सरकताना दिसू लागले. वारा येतो आहे हे असं डोळ्यांना आधी कळतं. लाट आडवी अंगावर घेतली तर कनू उलटते, म्हणून टोक जरासं तिरपं, लाटेच्या तोंडाला ठेवून जायचं. फेसाच्या पांढऱ्या कडा सगळीकडे दिसू लागल्या की काठ गाठायचा. आमची नारिंगी पाटी तोवर जवळ आली होती.

ज्यांना एवढं वल्हवायचं नाही, किंवा ज्यांच्याबरोबर लहान मुलं आहेत, त्यांच्यासाठी धक्क्यावरून मोटारबोट मिळते. ती कनू आणि माणसं दोन्ही उत्तर फाट्याच्या टोकाला नेऊन सोडते. यात कमीपणा काही नाही. वाऱ्याच्या दिवशी तोच शहाणपणाचा मार्ग आहे.

मुक्कामाचे नियम थोडे पण कडक. आग फक्त दगडांच्या चुलीत. लाकूड बाहेरून आणायचं नाही, कारण त्यातून झाडं मारणारे किडे येतात. जमिनीवर पडलेलं वाळकं तेवढं घ्यायचं. पाणी तळ्याचंच, गाळून किंवा मिनिटभर खळाखळा उकळून. साबण लावायचा तर पाणी काठापासून दूर नेऊन. शौचाला झाडीत झाकणाची लाकडी पेटी असते. काळी अस्वलं आहेत, म्हणून शिधा, भांडी, अगदी दात घासायची पेस्टसुद्धा एका पिशवीत भरून झाडाच्या फांदीला जमिनीपासून चार मीटर उंच आणि खोडापासून लांब टांगायची. येसराच्या वासाची मला काळजी होती. अस्वल काही आलं नाही. एक तांबडी खार मात्र पिशवीखाली बराच वेळ फेऱ्या मारत होती, आणि नातीला तेच जास्त आवडलं.

दुसऱ्या सकाळी पायवाट दाखवणाऱ्या पिवळ्या पाटीपाशी उतरून कनू खांद्यावर घेतल्या. तळ्यांमधल्या या पायवाटांना पोर्टेज म्हणतात. कनू डोक्यावर पालथी घेतली की समोरची चार पावलं जमीन तेवढी दिसते. दगड, मुळं, चिखल. एका खेपेत सगळं नेता येत नाही, म्हणून वाट तीनदा चालावी लागते: सामानासह, रिकामं परत, आणि पुन्हा सामानासह. अंतर मोजताना हे तिप्पट धरायचं, हे आखणीत पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पलीकडे प्रू तळं, तिथून क्रो नदी. नदी संथ, वळणावळणाची, दोन्ही बाजूंना उंच गवत आणि पाणवेली. एका वळणावर मूस या भल्यामोठ्या हरणाची मादी पोटापर्यंत पाण्यात उभी राहून वेली खात होती. आम्ही वल्ही थांबवली आणि प्रवाहानं नेलं तसे लांबून गेलो. पुढे बिग क्रो तळ्याच्या जवळ पांढऱ्या पाइनची जुनी झाडं आहेत. एकोणिसाव्या शतकात या सगळ्या मुलुखातला पाइन तोडून, ओंडके चौकोनी तासून, नद्यांतून सोडून इंग्लंडला पाठवला गेला. त्या तोडीतून वाचलेली ही झाडं. त्यांच्या बुंध्याला मिठी मारायला आम्ही मोठी माणसं एकमेकांचे हात धरून उभे राहिलो. मला देवराईची आठवण आली. कोणी तरी राखलं म्हणून राहिलं, हे दोन्हीकडे सारखंच.

परत ओपिओंगोच्या उत्तर फाट्यावर आलो आणि दुसऱ्या पहाटे उठलो तर वारा रात्रीपासून पडलेलाच नव्हता. झाडांचे शेंडे वाकत होते आणि पाणी पांढरं झालं होतं. पुतण्यानं एकदा काठावर जाऊन बघितलं आणि येऊन पुन्हा अंथरुणात शिरला. तो राखून ठेवलेला दिवस होता. आम्ही धपाटी केली, कपडे वाळवले, नातीला मी दोरीच्या गाठी शिकवल्या, तिनं मला कुठल्या झाडाचं पान कुठलं ते शिकवलं. सूनबाईंनी यंत्रावरून टोरांटोला निरोप पाठवला: थांबलो आहोत, सगळे बरे, उद्या. दुपारी लांबवर गडगडलं. गडगडाट ऐकू आला की पाण्याजवळ राहायचं नाही आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पाण्यावर जायचं नाही, हा नियम. त्या दुपारी मित्रानं टॉम थॉमसनची गोष्ट सांगितली. कॅनडाचा हा थोर चित्रकार याच उद्यानात राही, कनूत पटाईत होता, आणि जुलै 1917 मध्ये इथल्याच कनू लेकवर एकटा निघाला तो परत आला नाही. आठवड्यानं त्याचा देह सापडला. काय झालं याचा वाद अजून मिटलेला नाही. त्याच्या चित्रांत वाकलेले पाइन आणि फेसाळलेलं पाणी असतं, जे त्या दिवशी आमच्यासमोर होतं.

संध्याकाळी वारा मंदावला, पण उजेड थोडाच उरला होता, म्हणून निघालो नाही. पहाटे चांदण्या असतानाच सामान बांधलं. या वेळी पाणी सपाट होतं. काठ धरून, न थांबता आलो आणि ऊन तापायच्या आत धक्क्याला लागलो.

कनू धुऊन परत केल्या, गाडी भरली, जेवलो. तोवर दुपार झाली होती आणि आखाताच्या तोंडाशी फेस दिसायला लागला होता. तेवढ्यात एक कुटुंब आलं, बरोबर दोन लहान मुलं. त्यांचा परवाना त्याच रात्रीचा, उत्तर फाट्याचा, आणि ते कनूत सामान ठेवू लागले होते. पुतण्या त्यांच्याकडे गेला आणि बोटानं पाणी दाखवलं. बाप म्हणाला, इथे तर शांत आहे. इथे आखातात शांतच असतं, पुतण्या म्हणाला, आणि त्याला नकाशावर दक्षिणेचा फाटा किती लांब उघडा आहे ते दाखवलं. थोडा वेळ नवराबायको एकमेकांशी बोलले. मग आईनं मुलांची जॅकेटं घट्ट केली, बाप धक्क्यावरच्या दुकानाकडे गेला आणि मोटारबोटीची वेळ विचारून आला. बोट तीन वाजता होती.